आषाढी एकादशीच्या भगरीतून विषबाधा: चांगली शिजवूनही असे का व्हावे?

ओसरी

नमस्कार. आषाढी एकादशीला आमच्या घरी भगरीतून विषबाधा झाली असे आम्हाला वाटते. 'वाटते' असे म्हणण्याचे कारण एवढेच, की रुग्णालयाच्या कागदावर फक्त 'अन्नविषबाधा' असे लिहिलेले आहे आणि ती नेमकी कशातून झाली हे कोणी सांगितले नाही. प्रसंग क्रमाने लिहिते, म्हणजे जाणकारांना मत देणे सोपे जाईल.

दुपारी साडेबाराला फराळ झाला. भगर, दाण्याची आमटी, उपासाची बटाट्याची भाजी आणि ताक असा बेत होता. सासूबाई (वय ७१, रक्तदाबाची गोळी चालू आहे), यजमान आणि ८ वर्षांची मुलगी यांनी भगर खाल्ली. मला भगर लहानपणापासून घशाखाली उतरत नाही, म्हणून मी साबुदाण्याची खिचडी घेतली. आमटी, भाजी आणि ताक मात्र मीही घेतले. अडीचच्या सुमारास सासूबाईंना गरगरू लागले. पाण्याचा पेला हातात दिला तर हात इतका थरथरत होता, की निम्मे पाणी लुगड्यावर सांडले. पाठोपाठ उलट्या सुरू झाल्या. मुलीला तीन उलट्या झाल्या आणि ती गुंगीत असल्यासारखी पडून राहिली. यजमानांना मळमळ आणि नंतर जुलाब झाले. मला काहीही झाले नाही.

शेजारच्या काकूंनी लिंबाचे गोड सरबत आणि जुलाब थांबवण्याची गोळी आणून दिली. सासूबाईंचे म्हणणे, उपाशी पोटी पित्त खवळले आहे, मिठाचे पाणी पिऊन सगळे ओकून टाकले की बरे वाटेल. त्या गोंधळात दीड तास गेला आणि मग आम्ही रुग्णालय गाठले. दोघींना सलाईन लावले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडले.

भगर किराणा दुकानातून सुटी आणलेली होती. चैत्रातल्या एकादशीला दोन किलो आणली होती, त्यातली उरलेली डब्यात होती. मी ती निवडली, तीन पाण्यांनी धुतली, तुपावर परतली आणि चांगली वाफ येईपर्यंत शिजवली. तरीही त्रास का व्हावा? त्या दीड तासात घरी आम्ही काय करायला हवे होते? आणि डब्यात अजून अर्धा किलो भगर शिल्लक आहे, ती तपासून मिळते का?

सेवानिवृत्त डॉक्टर

ओसरीताई, तुम्ही वेळा आणि कोणी काय खाल्ले हे दोन्ही लिहिलेत, हे फार चांगले केलेत. मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णालयांत माझी बहुतेक नोकरी झाली. दर श्रावणात, नवरात्रात आणि महाशिवरात्रीला असे रुग्ण येत, पण काय खाल्ले आणि किती वाजता खाल्ले हे विचारले की दहापैकी आठ जण 'तेच नेहमीचे, उपासाचे' एवढेच सांगत.

तुमच्या माहितीवरूनच पुष्कळ उलगडा होतो. आमटी, भाजी आणि ताक तुम्हीही घेतलेत आणि तुम्हाला काही झाले नाही. भगर खाणारे तिघेही आजारी पडले. प्रयोगशाळेच्या अहवालाशिवाय खात्री देता येत नाही, तरी संशय भगरीवरच जातो. दुसरी खूण वेळेची. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत, त्यातही मुख्यतः उलट्यांनी सुरुवात झाली, तर अन्नात आधीच तयार झालेले विष पोटात गेले असे समजावे. जंतू पोटात जाऊन, आतड्यात वाढून आजार करणार असतील, तर त्यांना वेळ लागतो. साल्मोनेलासारख्या जंतूंचा त्रास सहा तासांपासून पुढे काही दिवसांपर्यंत केव्हाही सुरू होतो आणि त्यात ताप व जुलाब जास्त असतात. म्हणून रुग्णाने शेवटी खाल्लेल्या पदार्थावरच खापर फोडणे अनेकदा चुकीचे ठरते; तुमच्याकडे मात्र दोन तासांचे अंतर आहे आणि ते बोलके आहे.

आता मूळ प्रश्न, शिजवूनही असे का? भगरीवर दमट हवेत अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार करते. महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन सणांच्या आधी भगरीबाबत जी सूचना काढते, तिच्यात हीच कारणे दिलेली असतात आणि जुलै ते ऑक्टोबर हा काळ या बुरशीला विशेष पोषक असल्याचेही म्हटलेले असते. शिजवताना बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेले विष जात नाही. साप मेला तरी त्याने आधी केलेला दंश उतरत नाही, तसेच हे आहे. धुण्याने वरची पूड जाते, आत मुरलेले तसेच राहते. हात थरथरणे, गरगरणे आणि गुंगी येणे ही लक्षणे साध्या शिळ्या अन्नाच्या बाधेत सहसा दिसत नाहीत. भगरीच्या रुग्णांत मात्र ती मी वारंवार पाहिली आहेत.

याच्याशी मिळताजुळता दुसरा प्रकार शिजवून ठेवलेल्या भातात आणि भगरीत होतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, अन्न कोमट पडून राहिले की उगवतात आणि त्यांचे उलटी आणणारे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. तुम्ही ताजी भगर वाढलीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत हा संशय कमी आहे. पण सकाळची भगर संध्याकाळी गरम करून खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्या दीड तासाविषयी. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे हा धोक्याचा उपाय आहे, कारण उलटी झाली नाही तर ते सगळे मीठ रक्तात जाते, आणि गुंगीत असलेल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना देऊच नये. मोठ्यांनाही ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर देऊ नये, कारण त्यात आतड्याची हालचाल थांबते आणि घाण आतच राहते. प्रतिजैविकांचा अशा विषावर काही परिणाम होत नाही. सरबतात साखर फार आणि मीठ नावाला असते. जास्त साखरेमुळे जुलाब उलट वाढतात.

द्यायची ती जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट एक लिटर पाण्यात संपूर्ण विरघळवावे, निम्मे पाकीट अंदाजाने घालू नये, आणि केलेले पाणी २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने वरचा ढीग काढलेला. उलटी झाली की दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. 'पाजले की ओकते' म्हणून पाजणे बंद करणे, ही मी पाहिलेली सर्वांत मोठी चूक. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिली द्यावे, मोठ्यांना हवे तितके. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी पटकीच्या रुग्णांना हेच पाणी पिंपांत भरून पाजले आणि मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. दुकानात फळांच्या स्वादाची जी गोड पेये मिळतात, ती म्हणजे जलसंजीवनी नव्हे. ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हे नाव छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे.

उपासाच्या दिवशी आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे आम्हा डॉक्टरांचेही दुर्लक्ष होते. माणूस सकाळपासून कमी प्यायलेला असतो, त्यामुळे दोन उलट्यांतच शोष पडतो. तुमच्या सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे. ती लघवी वाढवणारी असेल तर शोष आणखी लवकर पडतो, म्हणून अशा दिवशी ती घ्यावी की थांबवावी हे डॉक्टरांना फोन करून विचारावे. सहा-आठ तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाणीही पोटात न टिकणे, १०२ अंशांवर ताप, शौचात रक्त, गुंगी, बोलणे अडखळणे किंवा एकाचे दोन दिसणे, यांतले एकही दिसले तर घरगुती उपचार करत बसू नये आणि १०८ ला फोन करावा. थरथर आणि गुंगी दिसताच तुम्ही निघायला हवे होते, पण दीड तासात पोहोचलात हेही काही कमी नाही.

जुना सभासद

डॉक्टरांविषयी आदर ठेवून एक शंका विचारतो. माझी आजी आयुष्यभर एकादशी करत असे. तिची भगर कधी पाकिटातली नव्हती, डब्यावर तारीख नव्हती, आणि तिला कधी असा त्रास झाल्याचे आम्ही ऐकले नाही. मग अचानक सुटी भगर विष कशी झाली? पाकीटबंद मालाचा खप वाढवण्यासाठी ही भीती घातली जात नाही ना?

गिरणीवाला

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आजीच्या उखळात आहे. मी नाशिककडे भगरीच्या गिरणीत वीस वर्षे काम केले आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगरपट्ट्यातली वरई आमच्याकडे येते; शिवाय परराज्यांतूनही पुष्कळ माल येतो. वरई शेतातून येते तेव्हा तिच्यावर कडक, तुकतुकीत टरफल असते. हे टरफल असेपर्यंत दाणा कणगीत वर्षानुवर्षे टिकतो. आजीच्या काळी वरई टरफलासकट साठवत आणि उपासाच्या आधी लागेल तेवढीच कांडून घेत, म्हणजे सोललेला दाणा आठवडाभरही पडून राहत नसे. आज टरफल गिरणीत निघते आणि तो उघडा दाणा पोत्यात, टेम्पोत, घाऊक व्यापाऱ्याच्या वखारीत आणि दुकानात महिनोन्महिने फिरतो. त्याच्यावर तेलाचा थोडा अंश असलेला कोंडा राहतो, त्यामुळे तो खवटही लवकर होतो. आजी खात होती ती भगर आणि आपण आणतो ती भगर, यांत नाव तेवढे एक आहे.

पाकिटाचे म्हणाल तर पाकीट हे काही कवच नव्हे. ओला माल पाकिटात भरला तर तो पाकिटातही बुरसतो. पाकिटाचा उपयोग इतकाच, की त्यावर पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. काही झाले तर मागे जाता येते. सुट्या मालात तसे काही नसते. सणाच्या तोंडावर मागणी वाढली, की मागच्या हंगामाचे तळाचे पोते नव्या मालात मिसळून संपवणारे दुकानदार मी पाहिले आहेत, सगळे तसे नसतात हेही सांगतो.

ओसरीताई, तुमच्या बाबतीत माझ्या मते चूक दुकानापेक्षा दिनदर्शिकेत आहे. चैत्रातली भगर आषाढापर्यंत ठेवलीत, म्हणजे मधे मृग आणि आर्द्रा अशी दोन पावसाळी नक्षत्रे गेली. भगर पावसाळ्यात साठवायचीच नाही. एकादशीला लागेल तेवढी, पाव किंवा अर्धा किलो आणावी. आणल्यावर पांढऱ्या कागदावर पसरून पाहावी. हिरवट, काळपट किंवा करडे दाणे, जाळे धरून चिकटलेले गोळे, कुबट किंवा खवट वास, यांतले काही आढळले तर निवडत बसू नये, सगळीच टाकावी. आम्ही गिरणीत एक साधी परीक्षा करत असू: मूठभर भगर मुठीत घट्ट आवळून उघडायची, कोरडी असेल तर वाळूसारखी सुटते आणि दमट असेल तर क्षणभर मुठीचा आकार धरून राहते. तसेच दाताखाली कोरडा दाणा 'कट्' वाजतो, ओलसर दाणा दबतो. उन्हात वाळवल्याने ओल जाते, पण आधीच मुरलेले विष जात नाही, म्हणून बुरसट वास आलेली भगर वाळवून वापरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

आणि भगरीचे तयार पीठ तर आणूच नये. पीठ दाण्यापेक्षा कितीतरी लवकर दमट होते, आणि त्यात काय दळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. भाकरी करायचीच असेल तर निवडलेली भगर घरी मिक्सरवर दळावी आणि त्याच दिवशी संपवावी.

ओसरी

आपल्या सर्वांचे आभार. मुठीची परीक्षा वाचल्यावर लगेच उठून डबा काढला. वरची भगर सुटी होती, पण तळाशी बोटभर जाडीचा थर डब्याला चिकटलेला होता आणि उलथन्याने काढताना त्याला ओल्या गोणपाटासारखा वास आला. एकादशीच्या दिवशी मी डबा तिरपा करून वरवरचीच भगर काढली नव्हती. पळीने तळापर्यंत ढवळून घेतली होती. वास का आला नाही याचा विचार करते आहे. बहुधा त्या वेळी शेजारी तुपात जिरे तडतडत होते.

तपासणीचा प्रश्न मात्र राहिला. दुकानदाराकडे जाऊन भांडण करण्याची इच्छा नाही, पण त्याच्याकडचे तेच पोते अजून विकले जात असेल तर?

सेवानिवृत्त डॉक्टर

भांडण नको, तक्रार करा. राहिलेली भगर कोरड्या पिशवीत बांधून, वर खरेदीची आणि फराळाची तारीख लिहून ठेवा; रुग्णालयाच्या कागदाची प्रतही जोडा. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातील कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, पण तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. तुमच्या डब्यातली भगर त्यात बसत नाही, आणि ती तुमच्याच घरी दमट झाली असे कोणीही म्हणू शकेल. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा १८००२२२३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकारी दुकानातल्या पोत्याचा रीतसर नमुना घेऊ शकतात. हे लवकर करावे लागते. आठ दिवसांनी पोते संपलेले असते.

टाळकरी

घरात तिघे आजारी पडले तर रिक्षाने रुग्णालयात नेता येते. सप्ताहात पंगतच्या पंगत आडवी झाली तर काय होते, हे फेब्रुवारी २०२४ मध्ये लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे सर्वांनी पाहिले. हरिनाम सप्ताहातला एकादशीचा भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो भाविकांना बाधा झाली, आणि खाटा अपुऱ्या पडल्यामुळे रुग्णांना जमिनीवर झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून त्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. ती छायाचित्रे पाहिल्यावर आमच्या गावच्या सप्ताह समितीने काही गोष्टी बदलल्या. त्या इथे सांगतो, कारण मूळ प्रश्न घरचा असला तरी भगर सर्वांत जास्त शिजते ती पंगतीसाठी.

पूर्वी आमच्याकडे प्रत्येक घरातून पसाभर भगर गोळा होई आणि एकाच पातेल्यात पडे. भावना चांगली, पण एका घरचा बुरसा सगळ्या गावाच्या ताटात जाई. आता घरोघरी पैसे गोळा करतो आणि एकाच बॅचची भगर, पक्क्या पावतीने, आदल्या आठवड्यात आणतो. दुसरे म्हणजे रात्री शिजवून ठेवणे बंद केले. मोठ्या पातेल्यातली भगर वरून गार लागते, पण मधोमध ऊब पाच-सहा तास राहते, आणि जंतूंना हवी असते तशीच ती ऊब असते. आमचा आचारी आधी कुरकुरला. आता तो पहाटे चारला चूल पेटवतो आणि दोन घाण्यांत शिजवतो; दुसरा घाणा पहिली पंगत बसल्यावर चढतो. शिजल्यापासून दोन तासांत वाढून संपले पाहिजे, नाहीतर वाफाळते ठेवले पाहिजे, असा नियम केला आहे. हाताला जखम असलेल्या किंवा पोट बिघडलेल्या माणसाला वाढपी म्हणून घेत नाही, मग तो कितीही मोठ्या घरचा असो. यावरून एकदा रुसवाफुगवी झाली, ती झाली. पाण्याच्या टाकीत आरोग्य सेवक क्लोरीन टाकून जातात. आणि प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून, तारीख लिहून दोन दिवस शीतपेटीत ठेवतो, म्हणजे काही घडलेच तर तपासायला नमुना असतो.

गेल्या वर्षीपासून भगरीऐवजी राजगिऱ्याचे लाडू आणि केळी ठेवावीत असाही विषय निघाला आहे. ज्येष्ठ मंडळींनी तो अजून मान्य केलेला नाही.

ओसरी

तक्रार काल नोंदवली आणि नोंद क्रमांक मिळाला आहे. सासूबाईंना ही सगळी चर्चा वाचून दाखवली. उपाशी पोटी पित्त झाले हे मत त्यांनी सोडलेले नाही, मात्र पुढच्या एकादशीला राजगिऱ्याची भाकरी चालेल असे म्हणाल्या, आणि लगेच विचारले, 'राजगिरा कधी आणलेला आहे?' तोही माघातला निघाला. डब्यासकट बाहेर काढून ठेवला आहे.